सलाम फेरल्यावर

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. कारखान्याच्या फाटकाबाहेर मिठाच्या पोत्यावर बसून, भोंग्याची वाट पाहत.

मामू,

अस्सलामु अलैकुम. सलाम करणं माझ्यावर लागू आहे म्हणून केला. त्यात आणखी काही शोधू नका.

मी तुमच्या बहिणीचा मुलगा. तुम्हाला बहीण आहे हे तुम्ही सव्वीस वर्षांपूर्वी विसरलात, म्हणून ओळख करून देतो. तुमच्या अत्तराच्या दुकानापासून आमचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. आपण एकाच मशिदीत जातो, नमाजआधी एकाच नळावर हातपाय धुऊन वजू करतो, आणि आजवर एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. बोलायला गेलो तर माझा आवाज कापतो. लिहिताना हात कापत नाही. म्हणून पत्र.

प्रश्न एकच आहे. तो आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी तो तुमच्यापर्यंत पोहोचलेला असेल. माझ्यामागे नमाज पढल्यावर तुम्ही ती पुन्हा का पढता?

इमामसाहेब गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेल्या बुधवारी दवाखान्यात गेले. जाताना सगळ्यांसमोर म्हणाले, "मी येईपर्यंत हा पढवेल. कुराणाच्या तीस पाऱ्यांपैकी अठरा याला पाठ आहेत. तुमच्यात कुणाला नऊ येत असतील तर पुढे या." कुणी आलं नाही. मी हे मागितलं नव्हतं. अब्बा गेले तेव्हा माझी शाळा सुटली आणि पाठांतरही तिथेच थांबलं, उरलेले बारा पारे तसेच राहिले. मला स्वतःची लायकी माहीत आहे. पण मशिदीचे विश्वस्त तुम्ही, किल्ल्या तुमच्या कमरेला. तुम्ही "नको" म्हणाला असतात तर मी मुकाट्याने मागच्या ओळीत राहिलो असतो. तुम्ही मान डोलावलीत. शंभर माणसांनी पाहिलं.

नमाजभर इमामाची पाठ लोकांकडे असते. पण शेवटी उजवीकडे-डावीकडे सलाम फेरून झाला की तो वळतो आणि लोकांकडे तोंड करून बसतो. कोण बसून राहतं, कोण लगेच उठतं, ते त्याला दिसतं. गुरुवारी पहाटे मी आयुष्यात पहिल्यांदा तसा वळलो. माझ्यामागे पहिल्याच ओळीत तुम्ही होतात. तुम्ही उठलात, नळावर गेलात, नव्याने वजू केलात, आणि खांबाआड उभं राहून तीच नमाज पुन्हा पढलात.

मी म्हटलं, वजू तुटला असेल. वारा सरला तरी तुटतो, कुणाचाही तुटतो. शुक्रवारी पुन्हा तेच. शनिवारी पुन्हा. काल संध्याकाळीही. इतक्या वेळा वजू तुटत नाही, मामू. माझ्यामागे उभं राहून तुम्ही बाटता आणि पाण्याने ते धुऊन काढता.

खाटकानेही पाहिलं. त्याची जीभ तुम्हाला माहीत आहे. चपला घालताना मला म्हणाला, "काय रे, तुझा मामू तुझी नमाज धुऊन घेतो वाटतं? तू मळकी देतोस का?" सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

उत्तर पाठवा. चिठ्ठी चालेल.

तुमच्या बहिणीचा मुलगा


९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारच्या सुट्टीत, कातडी मोजायच्या टेबलावर.

मामू,

उत्तर आलं नाही. पत्र मिळालं हे मात्र मला ठाऊक आहे. मी ते तुमच्या दुकानाच्या शटरखालून सरकवलं होतं, आणि संध्याकाळी तुमच्या गल्ल्यावर त्याचा कोपरा दिसत होता.

मग मीच उत्तर लिहितो. तुम्ही नुसतं वाचा आणि कुठे चुकलं ते सांगा.

एक तर अत्तर. दुकानदाराने माल अंगाला लावावा, माझी हरकत नाही. पण हल्ली तुम्ही एवढं लावता की दोन ओळी मागे शिंका येतात. कारखान्यातले आम्ही आठ-दहा जण कामावरून थेट मशिदीत येतो. चुन्याचा आणि ओल्या कातड्याचा वास साबणाने जात नाही, हे आम्हाला कुणी सांगायला नको. तुम्ही आमच्या नाकावर टिच्चून बाटलीच रिकामी करून येता.

दुसरं, ती चटई. मशिदीत गालिचा अंथरलेला असताना तुम्ही काखेत स्वतःची चटई घेऊन येता. आमची कपाळं जिथे टेकतात तिथे तुमचं काहीही टेकायला नको.

ओळीत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं असतं. मधे फट ठेवू नका, हे मी रोज नमाज सुरू करण्याआधी मोठ्याने सांगतो. तुम्ही आणि तुमच्या शेजारचा कातडी खरवडणारा यांच्यात एक माणूस मावेल एवढी जागा असते. तो बिचारा सरकतो तुमच्याकडे, तुम्ही सरकता भिंतीकडे. परवा तर तुम्ही भिंतीला चिकटलात.

शुक्रवारी नमाजनंतर सगळ्यांना चहा देतात. तुम्ही घेत नाही. पाणीही घेत नाही. खाटीक म्हणतो, आपल्या हातचं चालत नाही त्यांना. आणि तुमच्या गच्चीवर रोज चार-चार पायजमे वाळत असतात. एकट्या माणसाला दिवसाला चार पायजमे कशाला लागतात? आमच्या गल्लीतून गेलं की बदलावे लागतात का?

तुमच्या दुकानात काचेमागे वंशावळ टांगलेली आहे. मी लहान असताना बाहेर उभा राहून ती वाचायचो. आत यायची परवानगी नव्हती, पण अक्षरं मोठी होती. बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, असं करत एकतीस नावं, आणि सगळ्यात वर ते मोठं घराणं. त्याच्याही वर जा ना, मामू. थांबलात कशाला? चढत चढत गेलात तर आदमपाशी पोचाल, आणि तो मातीचा. आमची वंशावळ छोटी आहे. मी, माझे अब्बा, आणि मग थेट आदम. मधली नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, एवढाच काय तो फरक.

मशिदीच्या ओसरीत पाटी आहे, की तुम्ही सगळे आदमची लेकरं, गोऱ्याला काळ्यावर मोठेपण नाही आणि काळ्याला गोऱ्यावर. ती पाटी तुम्ही स्वखर्चाने लावलीत. खाली तुमचं नाव आहे, घराण्यासकट.

आमच्या कारखान्यात कातडी चुन्याच्या हौदातून बाहेर निघते तेव्हा केस गळून गेलेले असतात. कुठलं बकरं काळं होतं आणि कुठलं पांढरं, ते मग मालकालाही सांगता येत नाही. तुम्ही एकदा येऊन बघा. अत्तर लावून या.

उत्तराची वाट पाहतो.


११ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी सव्वापाच, घरी. अम्मी शेजारी गेली आहे.

मामू,

तुमची चिठ्ठी मिळाली. खाटकाच्या हातून पाठवलीत, म्हणजे त्याने ती वाचली. मीही वाचली. सहाच शब्द आहेत: "पत्रं बंद कर. सुरा लहान घे." खाली सहीसुद्धा नाही.

मी हे दहादा वाचलं. पहिल्या वाक्याचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्याने अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे कातड्यावाल्याच्या पोराने कुराणातला लहानसा अध्याय पढून अल्लाचं म्हणणं जरा थोडक्यात सांगावं. त्याच्या तोंडून तुम्हाला ते फार वेळ ऐकवत नाही.

तर ऐका. आज पहाटे मी मुद्दाम लांब सुरा घेतली. अर्धा पारा भरेल एवढी. कुठे अडखळलो नाही, कुठे जेर-जबरचा उच्चार चुकला नाही. तुम्हाला माझ्या पठणात बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून मी ती रात्रीपासून घोकत होतो. मागे कुणीतरी खोकलं, कुणीतरी पाय बदलला, पण मी थांबलो नाही. सलाम फेरून वळलो तर तुमची जागा आधीच रिकामी होती. नळ चालू होता.

खाटीक म्हणाला, "आज तर मामू शेवटपर्यंत टिकलाही नाही. मधूनच पळाला."

मी म्हटलं, "उद्या याहून लांब घेतो."

"घे," तो म्हणाला. "आपले पाय मजबूत आहेत."

आता हेही ऐका. परवापासून आणखी दोघांनी नमाज पुन्हा पढायला सुरुवात केली आहे. एक तुमच्या दुकानाशेजारचा सोनार, दुसरा त्याचा जावई. त्यांना कारण माहीत नाही. तुम्ही पढता, म्हणजे काहीतरी असणार, एवढंच त्यांना कळतं. हे तुम्ही सुरू केलं आहे.


१५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी साडेसहा, फाटकाबाहेर.

मामू,

आता पाच जण. कारखान्यातले लोक म्हणतात, आपल्यामागे नमाज होत नसेल तर आपण कशाला त्यांच्यात जायचं. मीठ ठेवायची खोली झाडून घेतली आहे. तिथे तीस माणसं मावतात. पुढच्या आठवड्यापासून आम्ही तिथे पढू, मशीद तुम्हाला आणि तुमच्या एकतीस नावांना लखलाभ.

मी त्यांना थांबवून धरलं आहे, फक्त या शुक्रवारपर्यंत. मला तुमच्याकडून पैसा नको, नातं नको, घरात पाऊल नको. शुक्रवारी नमाजनंतर सगळ्यांसमोर उभे राहा आणि एवढंच सांगा: या मुलाच्या मागे माझी नमाज होते की नाही. नाही म्हणालात तर मी पुन्हा पुढे उभा राहणार नाही. हो म्हणालात तर मग पुन्हा का पढता तेही सांगा. तुम्ही उठला नाहीत तर मी तुमच्याकडे बोट करून विचारीन. माझा आवाज कापला तरी विचारीन.

अम्मीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. काल तिला गल्लीतून कळलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तो तुझ्यामागे उभा राहतो?" मी म्हटलं, उभा राहतो आणि मग धुऊन काढतो. ती म्हणाली, "पण उभा राहतो ना पहिल्या ओळीत?" आणि पुन्हा खाली मान घालून निवडायला लागली. तिला अजून तुमच्यात काहीतरी सापडेल असं वाटतं. कातड्यावाल्याशी तिचा निकाह झाला त्या दिवशी तुम्ही दार लावून घेतलंत आणि आतून म्हणालात, "घरात कातडं आणू नकोस." ती बाहेर पायरीवर किती वेळ बसली होती ते तिने मला कधी सांगितलं नाही. अब्बांनी सांगितलं. अब्बांच्या मयतीला तुम्ही खांदा द्यायला आला नाहीत. दोन गल्ल्या.

शुक्रवारी भेटू.


१८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळचे अकरा. आज कामावर गेलो नाही.

मामू,

काल काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण मी काय पाहिलं आणि काय केलं, ते मला नीट लिहून काढल्याशिवाय राहवत नाही.

नमाजआधी मी बोलायला उभा राहिलो तेव्हा कागदावर सगळं लिहून आणलं होतं. एकाच आईबापाचे आपण सगळे, कबिले आणि घराणी एकमेकांना ओळखण्यासाठी आहेत, एकमेकांवर चढण्यासाठी नाहीत. अल्लाने आदमच्या प्रत्येक लेकराला इज्जत दिली आहे, आणि ती काढून घ्यायचा हक्क कुणाला दिलेला नाही. हे शेवटचं वाक्य मी तुमच्याकडे बघून म्हटलं. दोनदा म्हटलं. आवाज कापला नाही. मला वाटलं, आज मी जिंकलो.

मग नमाज. सुरा मी लांबच घेतली.

सलाम फेरून वळलो. तुम्ही आधीच उठला होतात, एक हात खांबावर. मला वाटलं, पुन्हा नळाकडे निघालात. मी म्हटलं, "ज्यांना माझ्यामागे नमाज होत नाही असं वाटतं, त्यांनी आज इथेच सांगावं." तुम्ही थांबलात. मागे वळलात. मला तुमचा चेहरा दिसत होता, आणि मी त्यात घमेंडच शोधत होतो.

तुम्ही म्हणालात, "पोराची नमाज बरोबर आहे. माझी होत नाही. मला लघवी थांबत नाही. पोरगं लांब पढतं. तेवढा वेळ धरवत नाही."

मग मागून एक हसण्याचा आवाज आला, तोंड दाबल्यावर येतो तसा. खाटीक होता. तुम्ही तिकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "झालं समाधान?"

तुमच्या पायजम्यावर ओला डाग होता. शंभर माणसं तो बघत होती, आणि मी त्यांना बघायला लावलं होतं.

तुम्ही चपलाही नीट घातल्या नाहीत. चटई तिथेच राहिली. सगळे गेल्यावर मी ती गुंडाळायला उचलली. उलटी करून पाहिली तर खालच्या बाजूला रबरी कापड शिवलेलं होतं, मोठे मोठे टाके, पुरुषाच्या हातचे.

अत्तर, चटई, ओळीतली फट, चहा, पायजमे. मी एकेक गोष्ट बरोबर पाहिली होती. एकही कळली नव्हती.

तरी एक लिहितो, कारण खोटं लिहायची मला सवय नाही. तुम्ही आधी कधीतरी माझ्याशी चार शब्द बोलला असतात, माणसासारखे, तर मला असं वाटलंच नसतं. तुमच्या तोंडून आमच्या घराने दुसरं काही कधी ऐकलंच नाही, तर मी दुसरा अर्थ कुठून आणणार होतो?


२० ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी सहा. दवाखान्यातून आल्यावर.

मामू,

तुम्ही शुक्रवारनंतर मशिदीत आलेला नाहीत. किल्ल्या खाटकाकडे पाठवल्यात. तो दार उघडतो आणि किल्ल्या खिळ्याला टांगतो. मी विचारलं तर म्हणाला, "कमरेला नाही लावणार. जड आहेत." त्या दिवसापासून तो फारसं बोलत नाही. कारखान्यातलं कुणी मिठाच्या खोलीचं नावही काढत नाही.

मी इमामसाहेबांना सगळं सांगायला गेलो. त्यांचा पाय उशीवर ठेवलेला होता. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "पहाटे किती पढत होतास?"

मी सांगितलं.

"अर्धा पारा? म्हातारी माणसं मागे उभी असताना?"

"मला वाटलं, चांगलं पढावं."

"माझं पठण गेले चार महिने कसं होतं?"

"लहान सुरा. लोक म्हणायचे, इमामसाहेब थकले."

"तू काय म्हणायचास?"

मी म्हटलं, "मला वाटायचं, गुडघे दुखतात."

"गुडघे बसताना दुखतात. उभं राहून पढायला काय जातंय?" ते म्हणाले. "एका माणसाला तेवढाच वेळ धरवतं, हे मला कळलं होतं. तरी कधीकधी चुकायचं. तो उठून जायचा, पुन्हा पढायचा. तेव्हा मला दिसायचं."

मी विचारलं, "मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही, की असा आजार असला तर एका वेळेला एकच वजू पुरतो, नमाज पुन्हा पढावी लागत नाही?"

"त्याने विचारलं नाही. त्याला बोलावून सांगायचं म्हणजे मी तुझी चोरी पकडली असं सांगायचं. म्हणून दोनदा सगळ्यांना उद्देशून सांगितलं." मग जरा हसले. "दोन्ही वेळा तो नळावर होता."

मी उठलो तेव्हा म्हणाले, "सलाम फेरल्यावर वळावं लागतं, पोरा. पण वळल्यावर नजर कुठे ठेवायची, ते आपल्या हातात असतं. मी तसबीहच्या मण्यांकडे ठेवतो."

तर ते तुम्हाला कळवतो: तुमची नमाज होत होती. पहिलीच. दुसरी पढायची गरज नव्हती.

अम्मीने शुक्रवारी मला जेवायला वाढलं आणि स्वतः जेवली नाही. मी म्हटलं, मला कुठे माहीत होतं. ती म्हणाली, "माहीत नव्हतं तर झाकून ठेवायचं होतंस. मी त्याची लाज काढली म्हणून त्याने मला दाराबाहेर बसवलं. आता तू त्याची लाज चारचौघांत मांडलीस. मामा-भाचे शोभता अगदी."

मला तिचं बोलणं फार लागलं. तुम्हालाही लागावं म्हणून लिहिलं.

तिने घरातल्या जुन्या मऊ चादरी काढल्या आहेत आणि दोन दिवस त्यांच्या घड्या शिवते आहे. अब्बांना शेवटच्या वर्षी लागायच्या तशाच. मधे मेणकापड, बाजूला नाड्या. मोजमाप कुठून घेतलंस विचारलं तर म्हणाली, "भावाची कंबर बहिणीला विचारावी लागते का?"


२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. मशिदीच्या ओसरीत, त्याच पाटीखाली.

मामू,

अम्मी मंगळवारी तुमच्या घरी आली होती. तुम्ही आत होतात. तिने कडी वाजवली, मग म्हणाली, "मी आहे." तुम्ही दार उघडलं नाहीत. ती या खेपेला पायरीवर बसली नाही. गाठोडं कडीला अडकवून परत आली. मला म्हणाली, "पंख्याचा आवाज येत होता. मी म्हटल्यावर त्याने तो बंद केला. ऐकत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराखाली तुमचा लिफाफा होता. आत दोनशे आणि कागदावर एक ओळ: "फुकट घेणार नाही." मला संताप आला. मी पैसे तिथल्या तिथे परत करायला निघालो होतो. अम्मीने लिफाफा माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि हसायला लागली. तिला इतकं हसताना मी अब्बा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. म्हणाली, "आला म्हणजे. आपल्या दारापर्यंत स्वतः चालत आला."

मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पण ती तुमची बहीण आहे.

ओळीत रिकामी जागा ठेवायची नसते, त्यामुळे तुमची जागा रोज कुणीतरी भरतं. आधी मला तुम्ही माझ्यामागे उभे राहिलेले खुपायचात. आता दुसरं कुणी उभं राहिलेलं खुपतं. हे का होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं.

पहाटे मी सगळ्यात लहान दोन सुरा घेतो. सोनाराचा जावई म्हणाला, "आता फार लवकर संपते बुवा." खाटीक त्याला म्हणाला, "तुला कुठे गाडी पकडायची आहे का? बस पुढे, पढ आणखी."

आज पहाटे नमाज सुरू झाल्यावर मागचं दार वाजलं. चपलांचा आवाज ओळखीचा होता. अत्तराचा वास आला, पण थोडाच, पूर्वीसारखा नाकात जाणारा नाही. मी दुसरी, म्हणजे शेवटची रकात पढत होतो. घेणार होतो त्याहून लहान सुरा घेतली. सलाम फेरला.

आणि मी वळलो नाही.

किबल्याकडे, समोरच्या भिंतीकडे तोंड करून तसाच बसून राहिलो. मागे लोकांची चुळबूळ सुरू झाली. कुणीतरी कुजबुजलं, "पोरगं झोपलं काय?" खाटीक म्हणाला, "गप्प बसा सगळे. बसलाय ना तो, तुम्हीही बसा." मी कान देऊन होतो. नळाचा आवाज येईल म्हणून वाट पाहिली. नळ वाजला नाही. चपला वाजल्या, दार लागलं. तेव्हा मी वळलो.

खिळ्यावर किल्ल्या नव्हत्या.

मी तुम्हाला निकाहाच्या दिवसाबद्दल माफ केलेलं नाही, आणि अब्बांच्या मयतीबद्दलही नाही. तुम्ही मला त्या शुक्रवारबद्दल करू नका. तुमच्या तोंडून माफी ऐकायला मला आवडणारही नाही. मागच्या ओळीत, नळाजवळच्या खांबाला लागून, दोन माणसांची जागा ठेवायला मी सांगितलं आहे. दुसरी तुमच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या कातडी खरवडणाऱ्याची. तो स्वतःहून म्हणाला, मी मागे जातो. त्याच्याकडून सरकू नका.

तुमची चटई धुऊन, वाळवून या पत्राबरोबर ठेवली आहे. खालचं रबर एका बाजूला उसवलं होतं, ते अम्मीने पुन्हा शिवलं. तुमच्यापेक्षा बारीक टाके आहेत, वाईट वाटून घेऊ नका.

दोनशेचा हिशेब:

मेणकापड, दोन हात: साठ.
जाड सुती कापड, चादरी कमी पडल्या म्हणून: नव्वद.
नाडी: बारा.
चादरी: घरच्या, धरल्या नाहीत.
साबण: घरचा.
शिलाई: मी लावली होती, अम्मीने खोडायला लावली. या पत्रात खाडाखोड तेवढीच आहे.
एकूण खर्च: एकशे बासष्ट.
शिल्लक, लिफाफ्यात परत: अडतीस. मोजून घ्या.
तुमच्याकडून येणे: सव्वीस वर्षे.
माझ्याकडून देणे: एक शुक्रवार.